अब्जांश-पदार्थांच्या प्रयोगशाळेतील संशोधक विद्यार्थी : एका शोधाचा इतिहास

१

विज्ञानाच्या इतिहासात एखाद्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावयाचे, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन प्रतिस्पर्धी आचार्यांच्या संबंधात होते. एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या निरनिराळ्या दर्जांच्या माणसांविषयी तो प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात १९८५ च्या सप्टेंबर महिन्यात झालेल्या एका शोधाचा आधार घेतला आहे. साठ कार्बन-अणूंचा पोकळ गोलाकार रेणू तेथे प्रथम ओळखला गेला, आणि आज ज्यांस आपण अब्जांश-पदार्थ अथवा नॅनो-पदार्थ म्हणतो त्यांच्या अभ्यासास त्या शोधाने मोठी चालना मिळाली.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. रसायनशास्त्रातील एका शोधाकडे वळण्याचे कारण मुळात व्याकरणाचे आहे. शास्त्रीय निबंधाच्या भाषेत कर्ता सहसा दिसत नाही. ‘ग्राफाइटचे बाष्पीभवन करण्यात आले’, ‘वर्णपट नोंदविण्यात आला’ अशी वाक्यरचना मराठीत रूढ आहे, व इंग्रजी निबंधांतही कर्मणी प्रयोगाचेच प्राबल्य असते. बाष्पीभवन कोणी केले, रात्री दोन वाजता यंत्रापाशी कोण बसले होते, हे वाक्यातून कळण्याचा मार्ग नसतो. ते कळण्याची ठिकाणे तीनच : निबंधाच्या शीर्षकाखालील नावे, शेवटचे आभारप्रदर्शन आणि प्रयोगशाळेची नोंदवही. विद्यापीठे आपल्या पत्रकांत ‘संशोधनाची संधी उपलब्ध आहे’ असे छापतात, तेव्हाही ती कोण देतो आणि त्यातून विद्यार्थ्याच्या वाट्यास नेमके काय येते, हे त्या वाक्यावरून समजत नाही. ह्या ‘संधी’ शब्दाचा अर्थ एका प्रत्यक्ष उदाहरणावरून निश्चित करता येतो काय, ते पाहणे हा ह्या लेखाचा हेतू होय.

२

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. ‘नॅनो’ हा उपसर्ग ग्रीक भाषेतील खुजा माणूस ह्या अर्थाच्या शब्दापासून आलेला असून १९६० मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला एक अब्जांश हा अर्थ अधिकृतपणे मिळाला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मायकेल फॅरडे ह्यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे माणकासारखे लाल द्रव तयार करून प्रकाशाशी त्यांचा संबंध तपासला. ज्यांस आपण कलिले म्हणतो त्यांच्या शास्त्रीय अभ्यासातील हा एक आरंभीचा टप्पा होय.

ह्या फॅरडे ह्यांचा प्रयोगशाळेत प्रवेश कसा झाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होते. हम्फ्री डेव्ही ह्यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, ती बांधून डेव्हींकडे पाठविली, आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांना मिळाली. परंतु त्या काळी ‘सहायक’ हा शब्द फार सैल होता. त्याच वर्षी डेव्हींच्या बरोबर युरोपच्या प्रवासास निघाल्यावर फॅरडे ह्यांना प्रयोगांतील मदतीबरोबर खाजगी नोकराचीही कामे करावी लागली. पुढे ते स्वतः आचार्य झाल्यावर अँडरसन नावाचा तोफखान्यातील निवृत्त सार्जंट अनेक वर्षे त्यांचा सहायक होता. फॅरडे ह्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, अँडरसनचे केवळ चरित्रकारांस. सहायकाच्या जागेवरून आचार्यपदास पोहोचलेला मनुष्य विरळा, हे ह्या दोन नावांवरून ध्यानात येते.

सहायकाहून वेगळी अशी ‘संशोधक विद्यार्थी’ ही भूमिका प्राधान्येकरून जर्मन विद्यापीठांत घडली. युस्टुस फॉन लीबिग ह्यांची १८२४ मध्ये गीसेन येथे नेमणूक झाली आणि तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी रसायनाची प्रयोगशाळा चालविली. देशोदेशींचे तरुण तेथे येत. प्राथमिक पृथक्करणाचे शिक्षण झाले की विद्यार्थ्याला स्वतःचा असा एक प्रश्न दिला जाई. येथे विद्यार्थी आचार्यांचे हात म्हणून राबत नव्हता. स्वतःच्या प्रश्नाचा तो धनी होता. हीच पद्धती पुढे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने अधिछात्रवृत्तीची जोड देऊन अमेरिकेत रुजविली. पदवीनंतरच्या संशोधकाची स्वतंत्र पायरी त्यानंतरची. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पैशातून १९१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने पदार्थविज्ञान व रसायन ह्या विषयांतील नव्या डॉक्टरांना वृत्ती देण्यास सुरुवात केली, तेव्हा ‘पोस्टडॉक’ ह्या वर्गाला संस्थात्मक रूप आले.

३

राइस संस्था ह्यूस्टन येथे १९१२ मध्ये सुरू झाली आणि १९६० मध्ये तिला विद्यापीठ हे नाव मिळाले. रिचर्ड स्मॉली तेथे १९७६ मध्ये आले. त्यापूर्वी प्रिन्स्टन येथे १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते शिकागो येथे डोनाल्ड लेव्ही व लेनर्ड व्हार्टन ह्यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून राहिले होते. वायूचा झोत बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की तो स्वनातीत वेगाने प्रसरण पावतो, अतिशय थंड होतो, आणि त्यातील रेणूंचे वर्णपट सुलभ व स्पष्ट होतात. ही युक्ती तेथे विकसित झाली. स्मॉली ती आपल्याबरोबर ह्यूस्टनला घेऊन आले. पोस्टडॉकची दोन-तीन वर्षे कशासाठी असतात, ह्याचे हे पहिले उत्तर म्हणता येईल : एका प्रयोगशाळेतील हातोटी दुसरीकडे नेऊन तिथे तिला नवे काम देण्यासाठी.

ह्यूस्टन येथे ह्या झोताला लेसरची जोड मिळाली. एखाद्या धातूवर लेसरचा स्पंद आदळला की त्याची वाफ होते. त्याच क्षणी हेलियमचा झोत सोडला की वाफ थंड होऊन अणूंचे लहान लहान पुंज बनतात. ते निर्वातात शिरले की दुसऱ्या लेसरने त्यांना विद्युत्भारित करून त्यांचे वस्तुमान मोजावयाचे. हे तंत्र ज्या निबंधात १९८१ मध्ये वर्णिले गेले, त्यावर डिट्झ, डंकन, पॉवर्स आणि शेवटी स्मॉली अशी नावे आहेत. म्हणजे यंत्राच्या जन्मदाखल्यावर गटातील तरुण सहकाऱ्यांची नावे आधी आहेत. पुढे सर्व कीर्ती ज्या यंत्रामुळे आली त्याच्या बांधणीत त्यांचा वाटा किती होता, ह्याची ही लेखी साक्ष आहे.

दुसऱ्या बाजूने, इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो ह्यांचा प्रश्न निराळा होता. तारकांमधील अवकाशात कार्बनच्या लांब साखळ्या असलेले रेणू आहेत काय, हे ते शोधीत होते. त्यांपैकी पाच कार्बन-अणूंच्या साखळीचा रेणू प्रयोगशाळेत तयार करून त्याचा सूक्ष्मतरंग-वर्णपट मोजण्याचे काम अँथनी अलेक्झांडर ह्या पदवीपूर्व विद्यार्थ्याने केले. सात कार्बन-अणूंच्या रेणूचे काम कॉलिन कर्बी ह्या संशोधक विद्यार्थ्याने केले. हे मोजमाप हाती आल्यावरच कॅनडातील रेडिओ-दुर्बिणीच्या साह्याने ते रेणू अवकाशात ओळखता आले. त्या दुर्बिणीवरील कामात ताकेशी ओका हे मित्र क्रोटोंना मिळाले, ते क्रोटो ओटावा येथे १९६४ ते १९६६ ह्या काळात पोस्टडॉक होते तेव्हाच्या ओळखीमुळे. पुढील इतिहासाचे बीज असे एका पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या प्रकल्पात व एका पोस्टडॉकच्या मैत्रीत सापडते.

ह्या दोन प्रयोगशाळांना जोडणारा दुवा म्हणजे राइस विद्यापीठातीलच रॉबर्ट कर्ल. १९८४ च्या ईस्टरच्या सुमारास क्रोटो ह्यूस्टनला आले असता कर्ल ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी स्मॉलींचे यंत्र पाहिले. धातूच्या जागी ग्राफाइट ठेवले तर लाल राक्षसी ताऱ्याच्या वातावरणातील कार्बनची रसायनक्रिया येथे घडवून पाहता येईल, अशी कल्पना त्यांस सुचली. गटाचे काम त्या वेळी सिलिकॉन व इतर अर्धवाहकांवर चालू होते. त्यामुळे प्रयोग सव्वा वर्ष लांबला.

४

क्रोटो १९८५ च्या ऑगस्टअखेर ह्यूस्टनला पोहोचले आणि १ सप्टेंबरला प्रयोग सुरू झाले. यंत्र चालविण्याचे काम जेम्स हीथ, शॉन ओब्रायन व युआन ल्यू ह्या संशोधक विद्यार्थ्यांकडे होते. यंत्राची नस त्यांनाच ठाऊक होती. हेलियमचा दाब किती ठेवावयाचा, लेसरचा स्पंद झोताच्या कोणत्या क्षणी सोडावयाचा, हे निर्णय शब्दांत सांगण्यासारखे नसून हाताच्या सवयीचे असतात. पाहुणे आचार्य विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून आलेख पाहत आणि काय करून पहावे हे सुचवीत.

४ सप्टेंबरच्या सुमारास वस्तुमानाच्या वर्णपटात एक शिखर शेजारच्यांहून फार उंच दिसू लागले. ते ७२० एककांचे, म्हणजे नेमक्या साठ कार्बन-अणूंचे होते. त्याच्या सोबतीला सत्तर अणूंचे एक लहान शिखर होते. असेच शिखर, कमी ठळक स्वरूपात, एक्सॉन कंपनीतील संशोधकांनी १९८४ मध्ये छापलेल्या वर्णपटात होते. त्यांचे यंत्रही राइसच्याच धर्तीचे होते. परंतु त्या शिखराकडे वेगळे म्हणून कोणी पाहिले नव्हते. ६ सप्टेंबरच्या बैठकीत ठरले की कोणत्या परिस्थितीत हे शिखर वाढते आणि कोणत्या परिस्थितीत लोपते, ते शोधून काढावे. त्या शनिवार-रविवारी हीथ आणि ओब्रायन यंत्रापाशी राहिले. हेलियमच्या झोतात पुंजांना एकमेकांशी आदळण्यास अधिक वेळ मिळेल अशी रचना त्यांनी साधली, आणि सोमवारी जो वर्णपट समोर आला त्यात साठ अणूंचे शिखर जवळजवळ एकटेच उभे होते.

ह्या प्रसंगाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावयास हवे. शिखर पहिल्या दिवशी ‘दिसले’ हे खरे, परंतु ते योगायोग नाही हे सिद्ध झाले त्या दोन दिवसांच्या कामामुळे. रचनेविषयीचा विचार करण्यास आधार मिळाला तोही त्यामुळेच. ९ सप्टेंबरच्या रात्री हीथ आपल्या घरी मऊ गोळ्या व दात कोरण्याच्या काड्या घेऊन आकृती जुळवीत बसले, ती जुळली नाही. स्मॉली आपल्या घरी कागदाचे तुकडे कापीत बसले. नुसत्या षट्कोनांनी गोल बंद होत नाही. पंचकोन घातले की पृष्ठ वळू लागते. बारा पंचकोन आणि वीस षट्कोन मिळून साठ शिरोबिंदूंचा बंद गोल तयार झाला. १० तारखेस कर्ल ह्यांनी त्या आकृतीवर बंध मांडून प्रत्येक कार्बन-अणूची संयुजा पुरी होते, हे तपासले. गणित विभागाचे प्रमुख विल्यम व्हीच ह्यांना विचारता ही आकृती म्हणजे फुटबॉल असल्याचे त्यांनी कळविले. निबंध ‘नेचर’कडे १३ सप्टेंबरला पोहोचला आणि १४ नोव्हेंबर १९८५ च्या अंकात प्रसिद्ध झाला. भूपृष्ठमितीय घुमटांचे रचनाकार बकमिन्स्टर फुलर ह्यांच्या नावावरून रेणूला बकमिन्स्टरफुलरीन हे नाव देण्यात आले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदवावयास हवी. हाच रेणू संभवतो असे जपानमधील एइजी ओसावा ह्यांनी १९७० मध्येच लिहिले होते, पण ते जपानी भाषेतील नियतकालिकात. १९७३ मध्ये बोच्वार व गालपेर्न ह्यांनी रशियन भाषेत त्याची गणिते मांडली. ह्यूस्टनच्या पाच लेखकांना १९८५ मध्ये ह्यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. देशी भाषेत लिहू नये, असा निष्कर्ष ह्यावरून काढणे चूक ठरेल. दोष वाचणाराच्या बाजूचाही आहे. परकीय भाषा जाणणारा एखादा विद्यार्थी गटात असणे हीदेखील प्रयोगशाळेची संपत्ती असते, एवढे मात्र ह्यावरून निश्चित म्हणता येईल.

५

आता नावांच्या नोंदीकडे वळू. ‘नेचर’मधील निबंधावर क्रोटो, हीथ, ओब्रायन, कर्ल व स्मॉली अशी पाच नावे ह्या क्रमाने आहेत. दोघे विद्यार्थी दोन आचार्यांच्या आधी आहेत. ल्यू ह्यांचे नाव लेखकांत नाही. ते शेवटच्या आभारप्रदर्शनात आहे. ह्याच काळात पोकळ गोलाच्या आत लँथॅनम धातूचा एक अणू बसविता येतो, असे दाखविणारा दुसरा निबंध झाला. त्यावर हीथ ह्यांचे नाव प्रथम असून ल्यू व झांग ह्या विद्यार्थ्यांची नावे लेखकांत आहेत. म्हणजे एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर, थोड्याच दिवसांच्या अंतराने तीच व्यक्ती एकदा आभारांत आणि एकदा लेखकांत गणली गेली. ह्यात कोणाचा हेतू दूषित होता असे मानण्यास आधार नाही. लेखक कोणास म्हणावे, ह्याचा निश्चित नियम नव्हता, एवढेच दिसते.

१९९६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कर्ल, क्रोटो व स्मॉली ह्या तिघांना मिळाले. पारितोषिक तिघांपेक्षा अधिकांत विभागता येत नाही, असा त्या प्रतिष्ठानाचा नियम आहे. पारितोषिकाच्या अधिकृत निवेदनात अकरा दिवसांच्या त्या कामाचा निर्देश करताना हीथ व ओब्रायन ह्या विद्यार्थ्यांचीही नावे घेतलेली आहेत. म्हणजे निवेदनाच्या मजकुरात पाच नावे आहेत आणि पदकांवर तीन. शोध ही अनेकांची क्रिया आणि पारितोषिक ही थोड्यांची गणना, हा विरोध येथे एकाच कागदावर दिसतो.

ह्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. पंचकोनांची कल्पना आधी कोणी बोलून दाखविली, घुमटाचा उल्लेख प्रथम कोणाच्या तोंडून आला, ह्याविषयी क्रोटो व स्मॉली ह्यांच्या आठवणी पुढे परस्परांशी जुळेनाशा झाल्या, आणि त्यातून दोघांत दुरावा आला. असा वाद उपस्थित झाला की आचार्यांच्या स्मृतीपेक्षा नोंदवहीतील त्या दिवसाची ओळ आणि तेथे उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांची साक्ष ह्यांना अधिक मोल येते. एरवी ज्यांच्याकडे हात म्हणून पाहिले जाते, ते इतिहासकाराच्या दृष्टीने साक्षीदार ठरतात. नोंदवहीत कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि खाली आद्याक्षरे घातली की नाही, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी दहा वर्षांनी क्षुल्लक राहत नाहीत.

हीथ पुढे बर्कली व आयबीएमच्या प्रयोगशाळेतून लॉस अँजेलिस व कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्राध्यापक झाले. ओब्रायन टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीत गेले. त्यांना पारितोषिक मिळाले नाही म्हणून त्यांची संधी वाया गेली, असे म्हणता येणार नाही. निबंधावर नाव असल्यामुळेच त्यांच्या कामाचा इतिहास आज आपणास लिहिता येतो.

६

१९८५ मधील रेणू यंत्राच्या झोतात क्षणमात्र अस्तित्वात येई. बाटलीत भरून ठेवण्याइतका तो कोणाजवळही नव्हता. ही अडचण दूर झाली ती १९९० मध्ये, आणि तीही काजळीतून. हायडेलबर्ग येथील व्होल्फगांग क्रेचमर व ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड हफमन ह्यांनी ग्राफाइटच्या कांड्या हेलियमच्या विरळ वातावरणात तापवून काजळी धरली. ती बेंझीनमध्ये विरघळविली असता लालसर द्रव मिळाला आणि त्यातून स्फटिक निघाले. २७ सप्टेंबर १९९० च्या ‘नेचर’मधील त्यांच्या निबंधावर चार नावे आहेत : क्रेचमर, लॅम्ब, फॉस्टिरोपुलॉस व हफमन. मधली दोन नावे विद्यार्थ्यांची.

त्याच उन्हाळ्यात ससेक्स येथे जोनाथन हेअर हा क्रोटोंचा संशोधक विद्यार्थी नेमका हाच मार्ग चोखाळीत होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या बाटलीतही लाल द्रव दिसला. काही दिवसांतच हायडेलबर्गचा निबंध अभिप्रायासाठी क्रोटोंच्याच हाती आला. तो प्रसिद्ध करावा अशी शिफारस क्रोटो ह्यांनी केली. विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या कामाचे अग्रत्व असे एका टपालाने गेले. तथापि हेअर ह्यांनी वेगळा केलेला पदार्थ व्यर्थ ठरला नाही. त्यावरूनच ससेक्सच्या गटाने चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटात साठ अणूंच्या रेणूची एकच रेषा येते, हे दाखविले. साठही अणूंची परिस्थिती सारखीच असेल तरच असे घडेल. म्हणून ही रेषा फुटबॉलच्या आकाराचा निर्णायक पुरावा ठरली. अग्रत्व गमावलेल्या विद्यार्थ्यानेही त्या शोधातील एक आवश्यक पायरी बांधली, हे विसरता कामा नये.

काजळीच्या ह्या कृतीचा सामाजिक परिणामही मोठा झाला. राइसचे यंत्र मोजक्याच ठिकाणी होते. ग्राफाइटच्या कांड्या, विद्युत्पुरवठा, निर्वात पंप आणि हेलियम ह्या वस्तू मात्र सामान्य विद्यापीठातही मिळण्यासारख्या होत्या. आतापर्यंत यंत्राच्या दाराशी अडलेले विद्यार्थी ह्या संशोधनात शिरू शकले ते तेव्हापासून.

७

पोस्टडॉकच्या जागेचे महत्त्वही ह्याच काळातील उदाहरणांवरून स्पष्ट होते. सुमियो ईजिमा ह्यांनी १९९१ मध्ये जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या नलिकांचे वर्णन केले. त्या वेळी तेथे पोस्टडॉक असलेल्या पुलिकल अजयन् ह्यांनी १९९२ मध्ये थॉमस एब्बेसन ह्यांच्यासह ह्या नलिका मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. अजयन् मूळचे केरळमधील कोडुंगल्लूरचे. ते २००७ मध्ये राइस विद्यापीठात प्राध्यापक झाले. राइस येथेच १९९६ मध्ये एकपदरी नलिकांच्या दोरांसारख्या जुड्या तयार झाल्या, तेव्हा त्या निबंधाच्या लेखकांत होंगजी दाय हे पोस्टडॉक होते. पुढे त्यांनी स्टॅनफर्ड येथे स्वतःचा गट उभारला.

दुसरे उदाहरण पुंज-बिंदूंचे. अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटर इतका लहान झाला की त्याचा रंग आकारमानाप्रमाणे बदलतो. बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस ह्यांच्याकडे पॉल ॲलिव्हिसॅटोस आणि मूंगी बावेंडी हे एकामागून एक पोस्टडॉक होते. बावेंडी १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले. एकसारख्या आकाराचे कण तयार करण्याची कृती तेथून १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यावर मरे, नॉरिस आणि बावेंडी अशी नावे आहेत. पहिली दोन विद्यार्थ्यांची. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रुस व येकिमोव्ह ह्यांना मिळाले. म्हणजे पूर्वीचा पोस्टडॉक आपल्या मार्गदर्शकाच्या जोडीने पारितोषिकास पात्र ठरला, आणि १९९३ चे विद्यार्थी पुन्हा मजकुरात राहिले. १९९६ चाच आराखडा येथे दिसतो.

८

अशा प्रयोगशाळांची दारे १९८५ नंतर अधिक रुंद झाली आहेत. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८७ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाच्या योजनांना साह्य दिले आहे. राइस विद्यापीठाने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅनोजपान’ ह्या उपक्रमात अमेरिकी विद्यार्थ्यांना जपानी प्रयोगशाळांत पाठविण्यापूर्वी टोकियो येथे काही आठवडे जपानी भाषेचे शिक्षण दिले जाई. ओसावा ह्यांच्या निबंधाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या योजनेचे औचित्य वेगळे सांगावयास नको. भारतात २००७ मध्ये केंद्र शासनाने ‘नॅनो मिशन’ ह्या कार्यक्रमास पाच वर्षांकरिता १००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सुलभा कुलकर्णी ह्यांनी ह्या विषयाच्या संशोधनाची परंपरा वाढविली व विद्यार्थ्यांसाठी पाठ्यग्रंथही लिहिला. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन-अधिछात्रवृत्ती हा आपल्याकडील विद्यार्थ्याचा प्रमुख मार्ग आहे.

परंतु वृत्ती मिळणे ही संधीची पहिली अट होय. ती म्हणजे सबंध संधी नव्हे. वर पाहिलेल्या इतिहासावरून संधीची तीन अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग यंत्राचे : हीथ व ओब्रायन ह्यांच्या हाती शनिवार-रविवारी यंत्र निर्वेधपणे होते, म्हणून शिखर सिद्ध झाले. दुसरे अंग प्रश्नाचे : ६ सप्टेंबरच्या बैठकीत विद्यार्थी केवळ हुकूम ऐकावयास बसले नव्हते, आणि ९ तारखेच्या रात्री रचनेचा विचार आचार्याने जसा घरी नेला तसा विद्यार्थ्यानेही नेला. तिसरे अंग नावाचे : ज्याचे नाव निबंधावर व वहीत राहिले त्याचे काम इतिहासात राहिले. ह्या तिन्हींपैकी पहिले अंग सर्वांत सहज मिळते, कारण यंत्र चालविणारा हात प्रत्येक प्रयोगशाळेला हवाच असतो. दुसरे मार्गदर्शकाच्या स्वभावावर अवलंबून असते. तिसऱ्याविषयी मात्र काम सुरू होण्यापूर्वी बोलणे होत नाही, आणि काम संपल्यावर बोलणे अवघड होते.

म्हणून एखाद्या प्रयोगशाळेत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेथील यंत्रांची यादी पाहावी, तसेच तेथून निघालेल्या दहा वर्षांतील निबंधांवरील नावेही पाहावीत. पूर्वीचे विद्यार्थी प्रथम लेखक आहेत काय, आभारांतील नावे पुढे लेखकांत आली काय, पोस्टडॉक तेथून स्वतंत्र होऊन बाहेर पडले काय, ह्या प्रश्नांची उत्तरे छापील कागदावर मिळू शकतात. प्रयोगशाळा चालविणाऱ्या अध्यापकांनी लेखकत्वाचा निकष कामाच्या आरंभीच सांगावा आणि नोंदवहीत प्रत्येकाने आपल्या हस्ताक्षरात दिनांकासह लिहावे असा दंडक ठेवावा, हे ह्या इतिहासाचे दुसरे शिकवणे होय.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठीतून शास्त्रीय लेखन करताना ‘करण्यात आले’ ही रचना सर्वस्वी टाळता येणार नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु आपल्या प्रबंधांत व विभागीय अहवालांत निदान कृतीच्या वर्णनापाशी ‘अमुक ह्यांनी मोजले’, ‘अमुक ह्यांनी नमुने तयार केले’ असे लिहिण्यास मराठीचे व्याकरण आड येत नाही. आपली तृतीया विभक्ती त्या कामास पुरेशी समर्थ आहे. ह्यूस्टनच्या अकरा दिवसांचा इतिहास जुळविताना अभ्यासकांना आठवणी, वह्या आणि आभारांच्या ओळी पडताळून पाहाव्या लागल्या. आपल्या प्रयोगशाळांचा इतिहास पुढे जे लिहितील त्यांना तोच खटाटोप करावा लागू नये, ह्याची तजवीज आजच्या लिहिणारांच्या हाती आहे.